चाकोरीतली चाकं

गाड्या तोंडानं बोलायच्या आणि मिस्त्री त्यांचं ऐकून घ्यायचे, त्या काळातली ही गोष्ट. घाटाखालच्या एका गावात चारही चाकांत जोर असलेली एक जुनी पिकअप होती. टायर झिजले म्हणून ती दगडूमिस्त्रीकडे गेली आणि उंच, अरुंद, जुन्या वळणाचे टायर मागू लागली.

शेजारी रुंद टायरांची नवी गाडी उभी होती. ती फिदीफिदी हसली. "आजी, जग कुठल्या कुठं गेलं. तुम्ही अजून बैलगाडीच्या चाकोरीतच?"

मिस्त्रीही म्हणाला, "रुंदच घ्या, आक्का. शोभून दिसतील."

"शोभायला मी काय वरातीत निघालेय?" पिकअप फणकारली. "माझ्या वाटेवर बैलगाड्यांनी चाकोरी पाडलीय. तिच्यात बसेल तेच चाक चढवा."

मिस्त्रीनं नाइलाजानं माळ्यावरचे धूळ खात पडलेले टायर काढून तिला चढवले.

दोघी एकाच वाटेनं घाट चढू लागल्या. वर चाकोरी चिखलानं काठोकाठ भरली होती. नवीचे रुंद टायर तिच्यात मावेनात. ते चिखलावरच गरगरा फिरले आणि ती कडेला घसरून रुतून बसली. पिकअपची चाकं मात्र चिखल कापत खाली खाली गेली.

"आजी, बुडालात की तुम्ही," नवी घाबरून म्हणाली.

"बुडाले नाही गं, कातळाला टेकले," पिकअप म्हणाली आणि सावकाश पुढं सरकली. "शंभर वर्षं बैलांनी झिजवलेला कातळ आहे खाली. घे, हा दोर धर."