सोन्याखालची चीर

एका जहागिरीच्या गावात नागोजी नावाचा जिनगर राहत असे. तलवारीच्या मुठी म्हणा, बंदुकीच्या नळ्या म्हणा, त्यांच्यावरचं झिजलेलं सोनं पुन्हा चढवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं बरं का! पण त्याहून मोठा अभिमान होता तो वडिलांचा. त्यांच्या हातचं जुनं काम दिसलं की नागोजी आधी नमस्कार करायचा.

दसरा तोंडावर आला तेव्हा सरदार हैबतराव आपल्या वडिलांची बंदूक घेऊन स्वतः त्याच्या दारी आले.

"नागोजी, नळीवरची सोन्याची वेल पार पुसून गेली बघ. तुझ्याच वडिलांनी काढलेली. पुन्हा तश्शी झळकली पाहिजे. यंदा सीमोल्लंघनाला पहिला बार मी हिनेच काढणार!"

नागोजी उरलंसुरलं जुनं सोनं हलक्या हाताने खरवडू लागला. नळीच्या बुडाशी, जिथे दारू पेटते नेमकं तिथेच, सोन्याखालून लाख निघाली आणि लाखेखालून केसाएवढी चीर. बार काढला तर नळी हैबतरावांच्या तोंडावर फुटणार होती. आणि ती चीर झाकली होती कोणी? त्याच्या बापाने!

सांगावं तर गेलेल्या बापाच्या नावाला बट्टा, न सांगावं तर माणसाचा जीव जाणार. पुन्हा लाख भरून वर वेल काढली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी बंदूक उचलून तो गढीवर गेला.

"सरकार, हिचा बार काढू नका. नळीला चीर आहे. माझ्या वडिलांनी ती झाकली. त्यांच्या वतीने मी पाया पडतो."

हैबतराव संतापले. "म्हणजे तुझा बाप आमच्या जिवावर उठला होता की काय?"

शेजारी त्यांचे म्हातारे काका आबासाहेब बसले होते. ते एकदम म्हणाले, "थांब, हैबती! अरे देवा, मी विसरलोच कसा! याच्या बापाने तुझ्या वडिलांना माझ्यादेखत बजावलं होतं, की ही पूजेपुरती ठेवा, बार काढू नका. दादा होते तोवर कोणी हिच्यात दारू भरली नाही. दादा गेले, आणि ती गोष्टही गेली."

नागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप खोटा नव्हता. हैबतरावही वरमले. म्हणाले, "चुकलो रे. आता खुशाल चढव सगळीकडे सोनं. आम्हाला ठाऊक झालंय ना!"

"तेव्हाही ठाऊकच होतं, सरकार," नागोजी म्हणाला.

त्याने सगळी वेल नव्याने काढली, अकिकाच्या खड्याने घोटून लखलखीत केली, पण चिरेवर सोन्याचा कणही ठेवला नाही. दसऱ्याला बंदूक पूजेत मांडली. जो तो विचारी, "एवढी देखणी वेल, अन् इथंच काळं लोखंड कसं हो?" आणि प्रत्येक वेळी घरातल्या कोणाला तरी ते सांगावं लागे.

तात्पर्य: ज्या दोषाने जीव जाऊ शकतो तो सांगून झाकला, तरी झाकलेलाच राहतो. सांगणारी माणसं जातात, ऐकणारी विसरतात. म्हणून असा दोष सगळ्यांना दिसेल असाच ठेवावा.