आतली खोली

एकदा एक विद्यार्थिनी एका वृद्ध आचार्यांकडे शिकू लागली, पण त्यांचे पाय तिने कधी पाहिले नव्हते. छातीपर्यंतचे आचार्य आणि त्यांच्या मागचे पुस्तकांचे कपाट, एवढेच तिला मोबाइलच्या पडद्यावर दिसे. काळ आपलाच होता. पदवी ऑनलाइन होती.

विद्यार्थिनी एका लहान मुलीची आई होती आणि तिचे सासरे गावातले प्रतिष्ठित कापडव्यापारी होते. विद्यापीठाच्या जाहिरातीत 'घरबसल्या पदवी' असे छापले होते, म्हणूनच त्यांनी परवानगी दिली. त्या शब्दाचा त्यांनी घेतलेला अर्थ असा, की घर जिथल्या तिथे राहील, सून जिथल्या तिथे राहील आणि पदवी आपोआप येऊन पडेल. त्यामुळे तिच्या घरकामात काही फरक पडला नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्याने ती पोळ्या लाटताना ऐके. मुलगी झोपली की स्वाध्याय लिहून, त्याचे फोटो काढून अपलोड करी. रविवारचा वर्ग मात्र थेट भरे, आणि त्याची ठरावीक हजेरी झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नसे.

त्या वर्गात ती स्वतःचा आवाज नेहमी बंद ठेवी. मूल रडेल, कुकर वाजेल, कोणी हाक मारील. शंका आली तरी ती गिळून टाकी.

वर्षाच्या शेवटच्या रविवारच्या वर्गात आचार्यांनी तिला नाव घेऊन प्रश्न विचारला. नेमके तेव्हा बैठकीत सासऱ्यांकडे पाहुणे आले होते आणि ती कानात इयरफोन घालून पोहे परतत होती. आचार्यांनी पुन्हा विचारले. ती ओट्यापाशी पुटपुटली. उत्तर बरोबर होते, पण कढईशिवाय ते कोणी ऐकले नाही. आचार्यांनी तिच्या नावापुढे 'गैरहजर' अशी नोंद केली.

तेवढ्या एका हजेरीने तिची परीक्षा हुकत होती. वर्ग संपताच तिने त्यांना फोन लावला.

"सर, मी होते."

"तुमचे नाव होते. तुम्ही दिसला नाहीत, ऐकू आला नाहीत."

"ऐकत होते मी. गिऱ्हाइकी वाढली तरी दुकानदार भाव का वाढवत नाही, हेच विचारलंत ना? रोजचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मी एका दुकानदाराच्या घरात राहते, सर. त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही."

"उत्तम. मग तेव्हाच का नाही सांगितले?"

"आवाज बंद होता."

"का?"

"बाहेर पाहुणे बसलेत. सून पोहे करता करता मास्तरांना उत्तरं देते, हे बरं दिसलं नसतं."

"मग माझे चुकले कुठे?"

"चुकलंच," ती म्हणाली, आणि हे बैठकीपर्यंत ऐकू गेले. "ज्यांना घरात मोकळेपणी बोलता येतं त्यांचीच हजेरी लागणार असेल, तर जाहिरातीत तसं छापा. मी वर्षभर उभ्यानं शिकलेय. माझी परीक्षा मी सोडणार नाही."

आचार्य थोडे थांबले. अशा कथांतल्या वृद्धांना थांबावेच लागते.

"हजेरी मी आत्ताच दुरुस्त करतो," ते म्हणाले. "पण परीक्षेचा नियम ठाऊक आहे ना? कॅमेरा फिरवून खोलीच्या चारही भिंती दाखवायच्या. दुसरे कोणी दिसले, तर पेपर रद्द. विद्यापीठ प्रश्नपत्रिका देईल. बंद खोली देऊ शकणार नाही. ती तुम्हाला घरात मागावी लागेल. जिचा आवाज मी वर्षभर ऐकला नाही ती काय मागणार, ही मला काळजी होती. भांडायची सुरुवात माझ्यापासून झाली, तर सोपे जाईल असे वाटले, म्हणून 'गैरहजर' लिहिले."

"हे सरळ सांगता आलं असतं, सर."

"आले असते. तुम्ही 'हो सर' म्हणाला असतात आणि आवाज पुन्हा बंद केला असता."

तिला ते पुरते पटले नाही. खोडूनही काढता आले नाही. फोन ठेवून ती वळली, तर दारात सासरे.

"सूनबाई, वाद कुणाशी चाललाय?"

"सरांशी, बाबा. पुढच्या रविवारी माझी परीक्षा आहे. आतली खोली मला दुपारभर बंद लागेल."

"त्या दिवशी धाकट्याचा साखरपुडा आहे. घरबसल्याच तर द्यायची ना? मोबाइल घेऊन हॉलवर चल, एखाद्या कोपऱ्यात बस."

"कोपऱ्यात नाही देता येत. मी संध्याकाळी येईन."

"लोक विचारतील, थोरली सून कुठे आहे."

"परीक्षेला बसलीय म्हणून सांगा."

"आणि पोरगी?"

"तुमची नात आहे ती."

सासऱ्यांनी तिचा चेहरा निरखला. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस. समोरचा भाव सोडणार नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळत असे.

"पोहे करपलेत बहुतेक," एवढे म्हणून ते पाहुण्यांत जाऊन बसले.

रविवारी मुलगी आजोबांच्या खांद्यावरून आईकडे हात करून रडत गेली. तिचे रडणे जिन्यावरून खाली, रस्त्यावर, मग गाडीत विरत गेले. विद्यार्थिनीचा जीव दाराकडे ओढत होता, तरी ती उठली नाही. तिने एकेक करून चारही भिंती कॅमेऱ्याला दाखवल्या आणि पेपर उघडला.

ज्यांच्या घरात कोणी असे शिकत असेल, त्यांनी शुभेच्छा जरा राखून ठेवाव्यात आणि आधी एक खोली रिकामी करून द्यावी.