टेकडीची उलटी फेरी

एकदा एका फरशीच्या व्यापाऱ्याचे आपल्या थोरल्या भावाशी कडाक्याचे भांडण झाले, आणि तेही शहरातल्या मोठ्या बागेच्या फाटकात, भल्या सकाळी.

त्या फाटकापासून दर रविवारी एक फेरी निघत असे. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींनी ती सुरू केली होती. मोठी बाग, तळ्याकाठची बाग, गुलाबांची बाग, तिथून टेकडीमागचे राखीव रान आणि टेकडीला वळसा घालून पुन्हा तेच फाटक. गुरुजींचे नियम मोजके, पण कडक. टेकडी सदैव उजव्या हाताला ठेवायची, प्रदक्षिणेसारखी. फेरी अर्धवट सोडायची नाही. डबे फाटकाजवळच्या पारावर ठेवून जायचे आणि परतल्यावरच उघडायचे. व्यापारी हा गुरुजींचा जुना विद्यार्थी. त्याला हे नियम शाळेतल्या प्रार्थनेसारखे पाठ होते.

भांडणाचे कारण होते एक झाड. वडिलांच्या घराच्या अंगणातला कडुनिंब थोरल्याने लहानपणी स्वतः पाणी घालून वाढवलेला. पाडव्याला सगळी गल्ली तिथे पाला न्यायला यायची. आता त्या घरी धाकटा राहत होता. त्याने गाडी लावायला अंगणात फरशी घालायचे ठरवले आणि कोणालाही न विचारता झाड तोडले. जन्मभर दुसऱ्यांची अंगणे झाकली, मग स्वतःचे तरी उघडे का ठेवावे! आणि हे त्याने थोरल्याला सांगितले ते जाता जाता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे.

"तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," एवढेच बोलून थोरल्याने डबा आणि पिशवी पारावर ठेवली आणि ताडताड एकटाच फेरीला निघून गेला.

सुट्ट्यांमुळे बाकीची मंडळी गावाला गेली होती. उरले गुरुजी आणि धाकटा. धाकटा फुरंगटून पारावर बसला. जाऊ दे, चालून डोके थंड होईल, असे तो स्वतःला सांगत राहिला. गुरुजी शेजारी बसून राहिले.

ऊन चांगलेच वर आले तेव्हा धाकट्याची नजर भावाच्या पिशवीवर गेली. बिस्किटांचा पुडा तसाच, न फोडलेला. थोरल्याला मधुमेह होता. सकाळची गोळी घेतल्यावर फेरीआधी काहीतरी खायची सूट खुद्द गुरुजींनी त्याला दिली होती. आज रागाच्या भरात तो तसाच गेला होता. मागे असाच उपाशीपोटी तो भर बाजारात कोसळला होता. फोन लावला, तर तो पिशवीतच वाजू लागला.

पुडा घेऊन धाकटा तळ्याच्या दिशेने धावणार, तोच गुरुजींनी त्याचे मनगट धरले.

"तिकडून नको. इकडून चल."

"गुरुजी, अण्णा तिकडे गेलाय! आणि ही तर उलटी फेरी झाली."

"होऊ दे. चल."

टेकडी डाव्या हाताला घेऊन गुरुजी निघाले. ज्याने नियम घातला त्यानेच तो मोडावा, आणि तोही अशा घटकेला! धाकट्याला काही सुचेना. भावाकडे पाठ करून आपण भलतीकडेच चाललो आहोत, असे त्याला वाटत होते. तरी गुरुजींचा शब्द मोडवेना. प्रत्येक बाकावर, प्रत्येक झाडाखाली तो बघत होता. फरशी, गाडी, अंगण, सगळे त्याला नकोसे झाले होते. अण्णा तेवढा धडधाकट दिसू दे, एवढेच तो मनात म्हणत होता.

राखीव रानातून बाहेर पडायच्या वाटेवर थोरला दिसला. एका दगडावर बसलेला, सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. समोरून भाऊ येताना पाहून तो उठायला गेला, पण उठवेना. धाकट्याने धावत जाऊन पुडा फोडला आणि बिस्कीट त्याच्या तोंडाशी धरले. थोरल्याने ते खाल्ले, मग आणखी एक खाल्ले. हळूहळू हातांची थरथर थांबली. धाकटा त्याच्या शेजारी मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"तू समोरून कसा आलास?" थोरल्याने विचारले. "मागून हाक मारली असतीस, तर मी आणखी जोरात चाललो असतो."

"म्हणूनच याला मागून येऊ दिलं नाही," मागाहून पोहोचलेले गुरुजी म्हणाले. "रागावलेल्या माणसामागे धावलं की त्याला पाठ फिरवायला सोपं जातं. आणि हा रस्ता गोल आहे. अर्ध्या वाटेपर्यंत तू याच्यापासून लांब जात होतास. तिथून पुढे याच्याकडेच येत होतास. ते तुला कळत नव्हतं आणि याला तर नाहीच नाही. पण तू डबा पारावर ठेवून गेलास ना, तेव्हाच मला कळलं की परत यायचं तुझ्या मनात आहे."

"आणि नियम, गुरुजी?" धाकट्याने डोळे पुसत विचारले.

"माणसं बरोबर चालावीत म्हणून नियम केला. टेकडीला काय, ती कुठल्याही हाताला असली तरी तिचं काही बिघडत नाही."

थोरल्याला मात्र फेरी अर्धवट सोडायची नव्हती. तेव्हा धाकटा आणि गुरुजी मागे वळले आणि तिघे टेकडी उजव्या हाताला ठेवून सावकाश फाटकाशी आले. पारावर थोरल्याने डबा उघडला. आत थालीपिठे होती, दोघा भावांना पुरून उरतील इतकी. लोण्याचा गोळा त्याने धाकट्यापुढे सरकवला.

"बुंधा खणून काढलास?"

"अजून नाही. उद्या माणूस येणार आहे."

"त्याला नको म्हणून सांग. कडुनिंब आहे, फुटेल."

"आणि फरशी?"

"घाल की, तुझा धंदाच तो! फक्त तेवढी जागा सोड."

धाकट्याने खरकट्या हाताने तिथल्या तिथे फोन लावला आणि त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितले. थोरला ते ऐकत शांतपणे जेवत होता. फोन खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "या पाडव्याला नाही, तर पुढच्या पाडव्याला पाला येईल. न्यायला मीच येईन."