मिनीच्या नावाचं कूळ

“मिनी ती मिनीच! दांड्यावर छापलंय तुझ्या, वाच!” थोरला कुंचला पुन्हा खेकसला, तशी धाकटी कुंचली डब्यात आणखी खाली सरकली.

रंगांना वाचा होती त्या काळातली ही गोष्ट. चिताऱ्याच्या फळीवर मारुतीचा मुखवटा सुकत होता. गाल, हनुवटी, मुकुट थोरल्यानं दणक्यात रंगवून टाकले होते. डोळे तेवढे राहिले होते. ते फक्त धाकटीला जमायचे, आणि ती रुसून बसली होती. संध्याकाळी जत्रेत सोंग निघायचं होतं. आंधळा मारुती नाचवायचा कसा?

“मी क्षुल्लकच,” ती म्हणाली. “नावातच आलंय.”

“कुणी सांगितलं गं?” शेंदराची वाटी कडाडली. फळीवर सगळे तिला आजी म्हणत. “तिकडे परदेशात जुन्या पोथ्या माझ्या रंगानं सजवायचे. मला म्हणायचे मिनियम, म्हणून त्या चित्रांचं नाव पडलं मिनिएचर. चित्रं पानात मावतील एवढीच, तर लोकांना वाटलं, शब्दाचा अर्थच लहान! त्यातनं निघाली तुझी मिनी. तुझ्या नावाचं कूळ शेंदराचं आहे, पोरी.”

“असेल,” थोरला गुरगुरला, “पण लहान ते लहानच ना, आजी?”

यावर आजी जे बोलली, ते ऐकून थोरला बाजूला सरकला आणि धाकटी डोळे रेखायला टुणकन डब्याबाहेर आली.

“मेल्या, शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडण्याआधी कुणी त्याची उंची मोजलेली पाहिलीस का कधी?”