खुंट्यावरचा हात

“दार उघडू का नको, एवढंच सांगा माय.”

सुंदरा उभ्यानंच बोलली. मठाच्या पडवीत केशरमाय जात्यापुढं बसली होती. शेजारी सुपात ज्वारी.

“कुणाला?”

“पारूला. लग्न होऊन आलो तवापासून एका जात्यावर दळलो आम्ही. मग तिला पोरं झाली, नि मी उरले पाळणा हलवायला. पोर तापलं की बोलाव मावशीला. माझं काही सांगायला बसले की हिचा कान पोरांकडं. मला मूल नाही, म्हणून मला बोलायचंही नाही?”

“मग आता?”

“आता पोरं गेली शहरात. घर खायला उठलं, तशी आली दारात. वाटीत लोणचं घेऊन.”

“कशाचं?”

“...करवंदाचं.”

“तुला आवडतं?”

“तिला ठाऊक आहे ते.” सुंदरा फणकारली. “मी कडी काढली नाही. मला कुणी लागत नाही आता.”

“बरं. बस. खुंटा धर.”

सुंदरा पुटपुटत बसली. दोघींचे हात एका खुंट्यावर. जातं फिरू लागलं.

मायनं हात काढून जात्यात मूठभर दाणे घातले. हात परत काही ठेवला नाही. खडे निवडत बसली. पदरानं तोंड पुसलं. मधेच मूठभर दाणे घालायची, पुन्हा खडे.

सुंदरा एकटी ओढत होती. दंड भरून आले, धाप लागली. थांबली नाही. तिरसट खरी, पण हाडाची कष्टाळू बाई. खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळानं मायनं हात पुढं केला.

सुंदरानं आपली मूठ वर सरकवून जागा दिली. बघितलंसुद्धा नाही.

“इतका वेळ मी कुठं होते गं?”

“कुठं म्हणजे? इथंच की. दाणे घालत होता. रिकामं जातं फिरवायचं का मग?”

“आणि रागावली नाहीस?”

“त्यात काय रागवायचं...”

जातं हळू झालं. थांबलं.

सुंदरा खुंट्याकडं बघत राहिली. खाली आपली मूठ नव्हती, वर होती. खालची जागा तिनंच न विचारता दिली होती.

“पण लई वेळ लावला हो तिनं, माय...”

“लावला.”

माय गुडघ्यावर हात देऊन उठली. लुगड्यावरचं पीठ झटकलं.

“सूप अजून अर्धं भरलेलं आहे. मी दमले. जा, जोडीदारीण घेऊन ये.”