शीळ घालणारी राणी

एक होता राजा. मनानं चांगला, पण रागाला अस्सा तिखट! एकदा काय झालं, त्याची मिरवणूक निघाली आणि गर्दीत कुणीतरी शीळ घातली. घोडा बुजला. राजा धाडकन खाली पडला, तोही कुठं? शेणाच्या पाटीत! हसू नका, तेव्हा कुणी हसलं नाही. राजानं शेण पुसत पुसतच दवंडी पिटवली, की जो शीळ घालील त्याला वेशीबाहेर काढू आणि पुन्हा कधी आत घेणार नाही. तेव्हापासून त्या नगरात पाखरं सोडली तर कुणी शीळ घालीना.

मग एका वर्षी नदी कोपली. असा पूर, असा पूर, बाई गं! नगर उंचावर होतं म्हणून वाचलं. खालची गावं मात्र पाण्यात गेली, देवळाचा कळस तेवढा वर दिसायचा. राजानं होड्या सोडल्या. आधी माणसं आणली, मग गुरं आणली. छपरावर चढलेली शेळी आणली, झाडात अडकलेलं वासरू आणलं. पण कितीतरी गुरं गोठ्यात बांधलेलीच राहिली होती. घाईत त्यांची दावी सोडायला कुणाला सुचलंच नाही. ती खुंट्यासकट वाहून गेली.

वाचलेली गुरं राजवाड्याच्या अंगणात उभी राहिली. चिखलानं माखलेली, थरथरणारी. राजानं विहिरीचं स्वच्छ पाणी काढून हौद भरले. आणि काय सांगू, एकही जनावर पाण्याला तोंड लावीना! हौदाशी यायची, मान खाली घालायची, कान टवकारायची आणि तशीच थांबायची.

मग राजानं पाण्यात गूळ घातला. नाही प्यायली. मग वैद्यानं येऊन जिभा बघितल्या. रोग काही नाही म्हणाला. मग पुजाऱ्यानं अंगारा लावला. छे! तेवढ्यात एका वासरानं मान टाकली, ते उठलंच नाही. भरल्या हौदाशेजारी तहानेनं मेलं हो! राजा मटकन खाली बसला.

आता पुढचं ऐका. सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. का पीत नाहीत ते सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं! अहो, खालच्या गावांत गुरं पाण्यावर नेली की धनी हळूच शीळ घालतो. ती ऐकत ऐकत जनावर पाणी पितं. जन्माची सवय ती. पण शीळ घालणार कोण? घर वाहून गेलेलं, लेकरांना आत्ता कुठं छप्पर मिळालेलं. वेशीबाहेर काढलं तर जायचं कुठं? आणि राजापुढं शीळ हा शब्द तरी काढायची कुणाची छाती? सगळे खाली माना घालून उभे.

राणीचं नाव हौसा. शेतकऱ्याचीच लेक, बरं का. ती तिकडं मुदपाकखान्यात सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत होती. गलका ऐकून पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मेलेलं वासरू बघितलं, भरलेले हौद बघितले, माणसांच्या खाली गेलेल्या माना बघितल्या. तिला सगळं उमजलं.

मग राणीनं ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली.

अगं बाई! बाईमाणसानं शीळ? तीही राणीनं? पुजाऱ्याच्या हातातला अंगारा सांडला. पण वासरांनी पाण्यात तोंडं घातली.

मग राणीनं दुसऱ्यांदा शीळ घातली. गाई प्यायल्या, म्हशी प्यायल्या, बैल प्यायले. घटाघटा नुसते.

मग तिसऱ्यांदा घातली, लांब, नदीपर्यंत जाणारी. आणि पुराच्या पाण्यातून शिंगं वर आली! वाहून गेलेली गुरं हो ती! गळ्यात दावी तशीच, मागं खुंटे फरफटत, एकेक करून काठाला लागली. काही माणसं रडायला लागली, तर काही नुसतीच आ वासून बघत राहिली.

राजा उठला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "हौसा, हे काय केलंस? आता मी काय करू?"

"त्यांना तहान लागली होती, महाराज," राणी म्हणाली. "तुमचा शब्द ठाऊक आहे मला. जाते मी."

तिनं पदराला पीठ पुसलं आणि चालत चालत वेशीबाहेर गेली. मग तिच्यामागं एक म्हातारा बैल निघाला. मग गाई निघाल्या. मग शेळ्या, कोंबड्या, राजाचा तो बुजरा घोडासुद्धा! मग खाली माना घातलेली माणसंही निघाली.

अंगण ओस पडलं. राजा वेशीपर्यंत धावला. राणीला आत घ्यावं, तर दिला शब्द मोडतो. मग त्यानं काय केलं असेल? त्यानं ओठांचा चंबू केला. नुसतं फुस्स झालं. पुन्हा केलं, फुर्र झालं. तिसऱ्यांदा बारीकशी, वाकडीतिकडी शीळ वाजली.

"झालं," राजा म्हणाला, "आता मलाही बाहेर जायला हवं." आणि उंबरठा ओलांडून राणीशेजारी जाऊन उभा राहिला.

मग त्यांनी तिथंच माळावर नवं गाव वसवलं. घरं बांधली, गोठे बांधले, मोठा हौद बांधला. वेस मात्र बांधली नाही. वेसच नाही, तर कुणाला बाहेर काढणार? सगळी सुखानं राहिली, माणसंही आणि गुरंही.

चला, पाणी प्या आणि आडवे व्हा. मी शीळ घालते.

असे डोळे काय फाडून बघताय? आजीला येते शीळ. मिटा डोळे.