नऊ बैलांची संख्या

पोळ्याला राजांसमोर वेशीत नऊ बैल मानाप्रमाणे उभे राहिले, आणि पाहुण्या अनंतशास्त्र्यांना लहर आली. त्यांनी बैलांच्या पाठींवर गेरूने एक ते नऊ आकडे मनाला येतील तसे काढवले आणि राजांना म्हणाले, "या नऊआकडी संख्येला नवाने निःशेष भाग जाईल असे बैल लावा. नाही जमलं, तर तुमच्या राजजोश्यांची जागा माझी!"

जोशीबुवा बैल हलवायला धावले. बैलाला हात लावला, की मालक काठी उगारी. "मान आमचा! बैल हलणार नाही!"

पान पडलं तरी दचकणारी जोश्यांची लेक द्वारका पुढे झाली. "हलवूच नका. भाग जातोच आहे."

"गणित न मांडताच?" शास्त्री हसले.

"एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस. बेरजेला नवाने भाग गेला, की संख्येलाही जातो. रांग कशीही असो."

इतक्यात एक बैल उधळून दुसऱ्या टोकाला गेला. द्वारका दचकली. शास्त्री ओरडले, "संख्या बदलली!"

"पण बेरीज तीच आहे," ती म्हणाली. "हवं तर तुम्ही शून्य होऊन रांगेत कुठेही उभे राहा, शास्त्रीबुवा. तरी भाग जाईल!"

जोश्यांची जागा जोश्यांकडेच राहिली. शास्त्रीबुवा मात्र पुरणपोळीलाही थांबले नाहीत.